वहिनींचे दात आणि तिसरा प्लग

आमच्या मोठ्या वहिनींनी एकदा भरदिवसा, तीन माणसांदेखत, मोटारीच्या इंजिनात तुटून बसलेला प्लग दातांनी काढला. लगेच भुवया वर नेऊ नका. दातांत धरून उपटला असं मी म्हणत नाही. तसं म्हणणारे पुष्कळ भेटतील, आणि ती आवृत्ती मीच पसरवली हे कबूल. पण पसरवली ती लोकांना झेपावी म्हणून. खरं जे घडलं ते झेपण्यातलं नव्हतं.

गॅरेज दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं. पुढच्या शेडमध्ये दादा आणि मी गाड्या उघडायचो. मागच्या खोलीत लेथ मशीन होतं आणि त्यावर वहिनी. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापात त्यांचे दोन्ही कान गेले. ठार. दारात ट्रकचा टायर फुटला तरी त्या कातत असलेल्या पिनेवरून नजर काढायच्या नाहीत. समोरच्याचे ओठ वाचून बोलणं समजून घ्यायच्या, आणि स्वतः बोलायच्या ते असं की गल्लीच्या टोकाला दाढी करणाऱ्याचा वस्तरा जागीच थांबावा. त्यांना वाटायचं, आपण कुजबुजतोय.

आता गंमत बघा. आमच्याकडे एक कायदा होता: अडलेला प्लग सोडवायला घेतला की कॉम्प्रेसर बंद, पंखा बंद, रेडिओ बंद, तोंडं बंद. आणि हा कायदा केला कुणी? जिला तोफ ऐकू येत नाही तिनं! वहिनी प्लगवर लांब उभा दांडा बसवायच्या, आडवी मूठ दोन्ही हातांत धरायच्या, दांड्याच्या वरच्या टोकावर पुढचे दोन दात टेकवायच्या आणि डोळे मिटून मूठ केसभर फिरवायच्या. आत धातूत जे काय चाललं असेल ते दातांतून कवटीत आणि कवटीतून थेट त्यांना. पंख्याची घरघर जमिनीतून त्यात मिसळते, म्हणून पंखा बंद. वीस वर्षांत त्या दोन दातांच्या कडा दांड्याच्या गोलाईबरहुकूम झिजल्या होत्या. दादा म्हणायचा, "हिचे कान गेले ते एका परीनं बरंच झालं. घरात कुणीतरी इंजिनाचं ऐकतं." हे तो नेहमी तिच्याकडे पाठ करून म्हणायचा. ओठ दिसले असते तर त्याची धडगत नव्हती.

एके दिवशी सकाळी आठला क्लचबाईंची गाडी लंगडत आत आली.

क्लचबाई म्हणजे अर्ध्या गावाला मोटार चालवायला शिकवणाऱ्या बाई. बसकी, जुनी गाडी. शिकणाऱ्याच्या पायाशी क्लच-ब्रेक, बाईंच्या पायाशीही क्लच-ब्रेक. डॉक्टर त्यांचा विद्यार्थी, शववाहिनीचा ड्रायव्हरही त्यांचाच. माणूस कुठल्याही गाडीतून गेला तरी गिअर मात्र अलगद पडायचा. मीही त्यांच्याकडेच शिकलो. परीक्षेत तीनदा नापास झालो, चौथ्यांदा परीक्षक बदलला.

बाई उतरल्या त्या बोलतच. "दादा, आज चार वाजेपर्यंत तपासणी. आजचा शेवटचा दिवस. आणि नेमकी आजच ही तीन सिलिंडरवर आली."

"उद्या नाही का चालणार, बाई?" दादानं विचारलं.

"उद्या परवाना संपला. संपला की या वयाच्या गाडीला दोन क्लचचा परवाना पुन्हा मिळत नाही, नवा नियम आहे. चारच्या आत चारही सिलिंडरवर तपासणीच्या फाटकातून गेली तर आणखी पाच वर्षं. नाही गेली तर गाडी घरी आणि मीही घरी. एकसष्ट वर्षांची मी, घरात बसून क्लच दाबायला कुणाला सांगू? मांजराला?"

दादा हसला. मी हसलो नाही. कारण बॉनेट उघडताक्षणी मला कळलं होतं की दोष तिसऱ्या सिलिंडरचा आहे, आणि तिसऱ्या प्लगची आणि माझी जुनी ओळख होती.

सहा वर्षांपूर्वी ते चारही प्लग मीच बसवले होते. शहाणा माणूस प्लग बोटांनी फिरवत नेतो, टेकला की पान्यानं पाव फेरा देतो आणि हात धुतो. मी वर आणखी एक ओढ द्यायचो. तिला मी मानाची ओढ म्हणायचो. त्या दिवशी तर इंजिन तापलेलं होतं. प्लग ज्यात बसतो तो इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, ॲल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. तापल्यावर हेड जास्त फुगतं आणि निवलं की प्लगला मिठी मारतं. तापलेल्या हेडात, कोरड्या आट्यांवर, मी ती मानाची ओढ दिली आणि छाती ठोकून म्हणालो होतो, "बाई, आता हा जन्मात हलायचा नाही!"

पहिला, दुसरा आणि चौथा प्लग कुरकुरत का होईना, सुटले. तिसरा दगड. वहिनींना बोलवायला हवं होतं. पण वहिनींनी दांड्याला दात लावले की कोणता प्लग कुणी कसा बसवला हे निघणार, ही मला धास्ती. म्हटलं, आपलं पाप आपणच फेडावं. पाय बंपरला लावला आणि सगळं वजन पान्यावर टाकलं.

कट्.

बिस्किट मोडावं इतकाच आवाज. पान्यात प्लगचं डोकं आणि चिनीमातीची पांढरी नळी. आट्यांचा खालचा भाग हेडात तसाच.

"धाकल्या, काय वाजलं?" दादा गाडीखालून म्हणाला.

"कुठं काय?"

"कुठं काय म्हणजे? वाजलं की."

तोवर मागच्या खोलीतून वहिनी हात पुसत आल्या होत्या. त्यांना कुणी हाक मारली नव्हती, आणि मारून उपयोगही नव्हता. त्यांच्या पायाखालच्या फरशीनं त्यांना आमच्याआधी सांगितलं होतं. "काय मोडलं?" त्यांनी विचारलं.

मी पाठीमागे लपवलेला हात पुढे केला.

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी स्वच्छ फडकं पसरलं, चिनीमातीचे तुकडे त्यावर मांडले आणि फुटका कप जोडावा तसे एकमेकांना लावून पाहिले. शेवटी टोकाशी तांदळाएवढी फट उरली. "एक कपचा कमी आहे," त्या म्हणाल्या. "आत पडलाय. इंजिन चालू केलंत तर तो सिलिंडरची भिंत खरवडून काढील."

"आणि आतला लोखंडी तुकडा?" बाईंनी त्यांच्यासमोर येऊन, ओठ नीट हलवत विचारलं.

"तो काढायचा. पण काढताना हेडचे आटे गेले तर हेड गेलं. असलं हेड आता भंगारातसुद्धा मिळत नाही."

बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. नऊ वाजले होते.

"सुरू करा," त्या म्हणाल्या. शिकाऊ माणूस चढावर गाडी बंद पाडतो तेव्हा म्हणायच्या, अगदी त्याच आवाजात.

वहिनींनी आधी दादाकडून इंजिन हातानं फिरवून घेतलं, तिसऱ्या सिलिंडरचा दट्ट्या वर आणवला, म्हणजे तो कपचा खोल न जाता भोकाशीच पडून राहील. मग गंज सोडवणाऱ्या पातळ तेलाचे चार थेंब आट्यांच्या कडेनं सोडले आणि मागच्या खोलीत जाऊन लेथ सुरू केलं. जुन्या कानशीचा तुकडा तापवून मऊ केला, निमुळता कातला, त्याच्यावर उलट वळणाच्या धारा पाडल्या आणि पुन्हा तापवून तेलात विझवला. उलटा फिरवला की तो तुकड्याच्या पोटात रुतत जाणार आणि रुतता रुतता त्यालाच घेऊन फिरणार. या सगळ्याला दीड तास गेला. बाई एकदाही घाई करा म्हणाल्या नाहीत. मडगार्डवर तळवा टेकून उभ्या होत्या, तोंडावर सुरकुती हलत नव्हती.

"आता हेड कोमट हवं," वहिनी म्हणाल्या. "गरम असलं तर आटे खरवडतात, गार असलं तर सुटत नाहीत. अहो, किटली!"

दादा त्या दिवसभर किटलीवर होता. पाणी उकळायचं, फडकी पिळायची, हेडवर गुंडाळायची, निवली की बदलायची. वहिनी मनगटाची आतली बाजू लावून बघायच्या. "अजून." "बास." "अहो, आंघोळ घालायला सांगितली नाही, शेकायला सांगितलंय." ज्या दादाच्या आवाजाला ग्राहक चळाचळा कापायचे तो "हो, हो" करत किटली घेऊन पळत होता.

बाई मला हळूच म्हणाल्या, "तुझ्या भावाला पहिल्या गिअरवरच ठेवलंय की रे हिनं."

मग पंखा बंद झाला. कॉम्प्रेसर बंद झाला. वहिनींनी धारांना ग्रीस फासलं, म्हणजे निघणारा लोखंडाचा कीस त्यात चिकटेल. हत्यार भोकात बसवलं, वर दांडा लावला, दात टेकवले आणि डोळे मिटले.

शेडमध्ये अशी शांतता पसरली की बाहेरून जाणारा सायकलवाला आपोआप खाली उतरला आणि सायकल खांद्यावर घेऊन गेला. हे मी पाहिलं. तुम्ही तिथे नव्हता.

वहिनींनी मूठ केसभर उलटी नेली. थांबल्या. अर्धा केस सुलटी आणली. थांबल्या. तेलाचा एक थेंब. मग पाच मिनिटं काहीच नाही. पुन्हा केसभर. तासाभरानं त्यांनी दात उचलले आणि आपल्या कुजबुजत्या आवाजात सगळ्या गल्लीला सांगितलं, "हा हात भाऊजींचा आहे."

"छे!" मी म्हणालो. "किती वर्षांचे प्लग आहेत, कुणीही बसवले असतील."

"तुम्हीच. तुम्ही मागचं दार लावता तेव्हा ते लागल्यावर वर एक ढकल देता. मला लेथच्या पायातून कळतं. तीच ढकल आहे ही."

दादा किटलीआडून बघत होता. मी फडकं पिळायला लागलो, जे आधीच कोरडं होतं. बाई मडगार्डवरचा तळवा न हलवता म्हणाल्या, "चालू दे तुमचं."

एक वाजला. दांडा जेमतेम पाव फेरा फिरला होता. आणि वहिनींचा जबडा धरला. दात टेकवले की मान थरथरायची, आणि थरथरत्या मानेनं आतलं काही ऐकू येईना. त्यांनी दोन्ही हातांनी गाल चोळले. मग माझ्याकडे बोट केलं.

"भाऊजी, तुम्ही या. मी फिरवते, तुम्ही ऐका."

"मी? मी काय ऐकणार?"

"तो रडला तर रडू द्या. लोखंड लोखंडावर रडतं, ते चालतं. पण खरवडल्यासारखं आलं, म्हणजे हेडचे आटे निघायला लागलेत. लगेच हात वर करा. एका केसाचाही उशीर नको."

"दादाला सांगा ना!"

"त्यांचे पुढचे दात खोटे आहेत," वहिनींनी साऱ्या गल्लीला कळवलं.

मी वाकलो. दांड्याच्या टोकावर दात टेकवले. ग्रीसची आणि लोखंडाची चव. सुरुवातीला माझंच रक्त कानात गरगरलं. मग ते बसलं, आणि मी आत गेलो.

आत गेलो, याला मला दुसरा शब्द सापडलेला नाही. आयुष्यभर मी इंजिनं बाहेरून पाहिली होती. उघडून पाहिली तरी बाहेरूनच. आता कळलं की धातू मुका नसतो. दादाचं गरम फडकं हेडवर पडलं आणि ऊब आत उतरताना मला ऐकू आली, इस्त्रीची घडी कुणी सावकाश उलगडावी तशी. वहिनींनी मूठ हलवली, तसं खूप खोलवर, बंद घरात कुणी एकटंच राहत असावं आणि त्यानं खुर्ची सरकवावी, तसा आवाज आला. हे रडणं. मी हात वर केला नाही. एकेका आट्याला वेगळा आवाज होता. मला आटे मोजता आले असते. रस्त्यावरून कुणी चालत गेलं, ते चाकांतून वर आलं. माणूस डाव्या पायानं जरा लंगडा होता. आणि त्या सगळ्याच्या तळाशी आणखी काहीतरी होतं. टक-टक, टक-टक, टक-टक. फार जलद. मला वाटलं घड्याळ. पण घड्याळ इतकं घाबरत नाही.

मी डोळे उघडले. बाईंचा तळवा मडगार्डवर होता.

त्यांचा चेहरा तसाच होता, चढावरच्या गाडीत बसल्यासारखा. पण मडगार्डमधून, सांगाड्यातून, इंजिनातून, त्या तुटक्या प्लगमधून त्यांच्या छातीची धडधड माझ्या दातांवर आपटत होती. साऱ्या गावाला "घाबरू नकोस" म्हणणारी ती बाई सकाळी आठपासून इतकी घाबरलेली होती, आणि मला सोडून जगात कुणाला ते ठाऊक नव्हतं. पाया पडावं की पळून जावं, कळेना.

मी दात उचलले.

"खरवडलं?" वहिनींनी विचारलं. त्यांची मूठ जागच्या जागी गोठली होती.

"नाही." मी बाईंकडे वळलो. "बाई, तो प्लग मीच आवळला होता. तापलेल्या इंजिनात, कोरडा, आणि वर एक ओढ देऊन. सकाळी तोडलाही मीच, वहिनींना न बोलावता, कळू नये म्हणून."

दादाच्या हातातल्या किटलीचं झाकण वाजलं.

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "मी तेव्हा समोरच उभी होते. जन्मात हलायचा नाही म्हणालास."

"मग सकाळीच बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझा हात थरथरला असता. आज मला थरथरणारा हात परवडत नाही." मग त्यांनी मनगट पाहिलं. "पावणेदोन. दात लाव."

मी दात लावले. आता तुम्हाला वाटेल की मी कबूल केलं आणि प्लग सुटला. तसं काही नाही. वहिनींचं तेल होतं, दादाची किटली होती, पाच तास होते. केसभर उलटं, अर्धा केस सुलटं, थेंब, थांबणं. दोनदा मला खरवडल्याचा भास झाला आणि मी हात वर केला. दोन्ही वेळा वहिनींनी मूठ मागे नेली, थांबल्या आणि पुन्हा सुरुवात केली. अडीच वाजता खुर्ची सरकणं थांबलं. आतून एक लांब सुस्कारा आला. मी तो ऐकला, वहिनींनी बोटांत ऐकला, आणि आम्ही दोघांनी एकदमच एकमेकांकडे पाहिलं. मग मूठ फिरत गेली, फिरत गेली, आणि लोखंडाचा तो काळा तुकडा हत्याराच्या टोकाला चिकटून भोकातून वर आला.

वहिनींनी बोटाएवढा आरसा आत धरला, बॅटरी मारली, आणि आम्हाला एकेकाला बघू दिलं. हेडचे आटे, वरपासून खालपर्यंत सगळे, नव्या अंगठीसारखे चमकत होते. दादानं पाहिलं आणि किटली हातात घेऊन तसाच उभा राहिला. तिची कारागिरी तो वीस वर्षं बघत होता, पण त्या क्षणी तो बायकोकडे असा बघत होता की जणू ही कोण, कुठून आली.

"अहो, पाणी सांडतंय," वहिनी म्हणाल्या.

तो कपचा मात्र छळून गेला. धूळ ओढायच्या यंत्राला बारीक रबरी नळी चिकटवली, वाटेत पातळ कापड बांधलं आणि वहिनी नळी आत फिरवत राहिल्या. कापडावर काजळी आली, किसाचे दोन कण आले, पांढरं काही नाही. तीन वाजले. सव्वातीन. बाई आता मडगार्डला हात लावत नव्हत्या. त्यातून माझ्या दातांना काय ऐकू आलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. माझ्यावर असतं तर मी एव्हाना मानलं असतं की तो तांदळाएवढा कपचा कधी पडलाच नव्हता. पण वहिनींनी फडक्यावर जुळवलेल्या चिनीमातीच्या नळीकडे पुन्हा एकदा पाहिलं, फट पाहिली, आणि रबरी नळीचं टोक दिव्यावर धरून किंचित वाकवलं. टिक. कापडावर पांढरा ठिपका. त्यांनी तो चिमट्यानं उचलून फटीत ठेवला. बसला.

नवे प्लग दादानं बसवले. बोटांनी, मग पाव फेरा. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

तीन पस्तीसला बाईंनी किल्ली फिरवली. एक खोकला, आणि मग चारही सिलिंडर एकामागून एक असे बोलायला लागले की मला आपण आयुष्यात पहिल्यांदाच इंजिन ऐकतोय असं वाटलं. वहिनी बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या होत्या. त्यांनी चार बोटं वर केली. बाईंनी काच खाली केली, मनगट पाहिलं, आणि काच वर करून निघून गेल्या.

आम्ही पायरीवर बसलो. चार वाजले. सव्वाचार. दादा म्हणाला, "फाटकावर रांग असेल." मी म्हणालो, "असेल." तपासणी झाली की नाही, फाटक मिळालं की नाही, काही कळायला मार्ग नव्हता. वहिनी आत लेथवर होत्या, आमच्याकडे पाठ करून. सकाळी अर्धवट राहिलेली पिन त्यांनी पुन्हा लावली होती.

साडेचारच्या सुमाराला लेथ थांबलं. रस्ता मोकळा होता, वळणावर काही दिसत नव्हतं. मी कान टवकारले. काहीच नाही.

"आल्या," वहिनी आतून म्हणाल्या. "पास झाली."

दादा उठून खोलीच्या दारात गेला, तिच्यासमोर उभा राहिला आणि विचारलं, "गाडी अजून दिसतसुद्धा नाही. तुला कसं कळलं?"

वहिनींनी चपला काढल्या होत्या. अनवाणी पाय फरशीवर सपाट टेकले होते आणि त्या खाली, पायांकडे बघत होत्या.

"क्लच न दाबता गिअर टाकतायत," त्या म्हणाल्या. "खुद्द बाई! हसताहेत वाटतं."